दोनशे बारा किलोमीटर आणि एक विजेची गाडी

ती. वहिनीस,

वाकून नमस्कार. (कंबर सध्या जेवढं वाकू देते तेवढाच. उरलेला नमस्कार मनातल्या मनात पोचता करून घ्यावा.) थोरामोठ्यांना पत्रात ‘तुम्ही’ लिहावं एवढं मला कळतं, आणि वेगळ्या कागदावर तसं लिहूनही पाहिलं. पण अकराव्या वर्षी जिच्याकडून शाळेच्या शर्टाची बटणं लावून घेतली, तिला एकोणसाठाव्या वर्षी ‘आपली प्रकृती कशी आहे’ असं विचारताना मी विमा विकायला आल्यासारखं वाटायला लागलं. तो कागद फाडला. तेव्हा तूच. तुझा गुडघा कसा आहे? डोळ्यांतून पाणी यायचं ते थांबलं का? तुझ्या थोरल्या ताईंचा खोकला काय म्हणतो? तिकडे उंचावर हवा चांगली असते असं सगळे सांगतात, पण चांगल्या हवेत माणसं आजारी पडतच नाहीत असं काही नाही, म्हणून विचारलं.

तू म्हणशील, हे फोनवर विचारता आलं असतं. दर रविवारी फोन होतोच की. होतो, पण त्यात काय होतं ते तुलाही माहीत आहे. मी ‘बाकी काय’ म्हणतो, तू ‘बाकी काही नाही’ म्हणतेस, मग तू ‘बाकी काय’ म्हणतेस, मी ‘बाकी काही नाही’ म्हणतो, आणि दोघांचंही बाकी सगळं तसंच राहून जातं. दादा गेल्यावर तू तिकडे ताईंकडे राहायला गेलीस, त्याला अडीच वर्षं झाली. एवढी बाकी साठल्यावर पत्रच लिहायला हवं.

तर बातमी अशी की मी गाडी घेतली. विजेची. दचकू नकोस, नवी नाही. आपल्या त्या दातांच्या डॉक्टरीणबाई, ज्यांना दादा ‘उपटबाई’ म्हणायचा, त्यांनी मोठी गाडी घेतली म्हणून ही सहा वर्षांची विकायला काढली. मी त्यांच्या एका पेशंटची वरची कवळी पोचवायला गेलो होतो, तो कवळी ठेवून गाडीची किल्ली घेऊन बाहेर पडलो. का घेतली, तर कामासाठी. दवाखान्यांत कवळ्या पोचवायला. (दवाखाने तीन आहेत. सगळ्यात लांबचा चार किलोमीटरवर.) स्कूटरवर खड्डे लागतात, कवळ्या डब्यात आपटतात, दात दुखावतात. बाई म्हणाल्या, एकदा भरली की तीनशे किलोमीटर जाते. मी तोंडानं ‘अरे वा’ म्हणालो आणि मनात त्यातून दोनशे बारा वजा केले. (आपल्या दारापासून तुझ्या दारापर्यंत बरोबर दोनशे बारा होतात. हे मला मुद्दाम मोजून माहीत आहे असं नाही. नकाशा उघडा होता.) अठ्ठ्याऐंशी किलोमीटर शिल्लक राहत होते. एवढी शिल्लक माझ्या आयुष्यात कशाचीच राहिली नव्हती, म्हणून भुललो.

आता मला समजलंय की ते तीनशे म्हणजे गाडी कोरी, आत एकच सडपातळ माणूस, रस्ता सपाट, वारा पाठीमागून, एसी बंद, आणि त्या माणसाला कुठेही पोचायची घाई नाही, अशा वेळचे. सहा वर्षांनी ही गाडी पूर्ण भरली की पडद्यावर दोनशे पस्तीस दाखवते. एसी लावला की दोनशे दहा. आणि मोठ्या रस्त्याला लागून जरा पाय दाबला, की ते आकडे गाडीच्याही पुढे पळतात: आपण दहा किलोमीटर जावं तर पडद्यावरचे सोळा गेलेले असतात. मेकॅनिककडे नेली तर त्यानं तिला वायर जोडून तपासली आणि दवाखान्याच्या दारात उभे राहून नातेवाइकांशी बोलतात तशा आवाजात म्हणाला, “बॅटरीची तब्येत अठ्ठ्याहत्तर टक्के आहे. वयाच्या मानानं छान आहे.” माझ्या तब्येतीबद्दल इतकं चांगलं बोलून कुणाला किती वर्षं झाली असतील, सांग.

खर्चाचं तू विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. हिला ऑइल लागत नाही, फिल्टर लागत नाही, क्लच नाहीच त्यामुळे तो जळत नाही, आणि विजेचं बिल पेट्रोलच्या पाव येतं. हे सगळं खरं आहे. उपटबाईंनी न सांगितलेलं असं, की बॅटरीमुळे गाडी अंगानं जड, त्यामुळे ती टायर चपलेसारखे झिजवते; चारही बदलावे लागले. विम्याचा हप्ता जुन्या पेट्रोल गाडीच्या दीडपट, कारण खरचटलं तरी कोपऱ्यावरचा गॅरेजवाला हात लावत नाही, कंपनीतच न्यावी लागते. आणि बॅटरी बदलायची वेळ आली तर तिला मी अख्ख्या गाडीला दिले त्याहून जास्त पैसे पडतील. मी मेकॅनिकला म्हटलं, मग गाडी कशाला घ्यायची, नुसती बॅटरीच घेऊन तिच्यावर बसावं. तो हसला नाही. गाड्यांवरचे विनोद त्यानं बहुतेक सगळे ऐकलेले आहेत.

शिवाय गाडी भरायची कुठे, हा प्रश्न. त्यासाठी बिल्डिंगची सभा झाली. आपले सेक्रेटरी (तेच, ज्यांना तू ‘नियमावली’ नाव ठेवलं होतंस, ते अजून आहेत, आणि तुझी चौकशी करतात) उभे राहून म्हणाले, “सगळे झोपलेले असताना ह्यांची गाडी आमची वीज पिणार!” जणू मी खाली म्हैस आणून बांधतोय. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, गाडी भरत असताना लिफ्ट मधेच अडकणार नाही ना. मी म्हटलं, ती गाडीच्या आधीपासून अडकते. हे मी बोलायला नको होतं. त्या वाक्यापायी परवानगी चार महिने लांबली. शेवटी माझ्या खर्चानं वेगळा मीटर, वेगळी वायर आणि वर ‘सावधान’ अशी पाटी, एवढं केल्यावर सही मिळाली. पाटी लावल्यापासून येणारा-जाणारा प्रत्येक जण हात लावून बघतो.

आता मूळ गोष्टीवर येतो. माझ्या मनात असं होतं, की एखाद्या दिवशी सहज तुझ्याकडे चक्कर मारावी. तुझं शिवणयंत्र इथेच राहिलंय, ते पोचवावं. त्याचं असं आहे वहिनी, की यंत्र कामाच्या खोलीच्या भिंतीपलीकडेच आहे. पस्तीस वर्षं मी त्या भिंतीला पाठ लावून बसलो. मी इकडे मेणात दात बसवायचो आणि तू तिकडे दुपारभर शिवत असायचीस. तुझं यंत्र थांबलं की मला कळायचं, चहाची वेळ झाली. आता घड्याळ बघावं लागतं. घड्याळ बघून केलेला चहा पिऊन बघ एकदा. म्हणून म्हटलं, यंत्र तिथे पडून राहण्यापेक्षा वापरात असलेलं बरं. मीटर बसवणारा वायरमन आणि मी, दोघांनी मिळून ते डिकीत चढवलं, चादरीत गुंडाळलं, बॅग मागच्या सीटवर टाकली. सकाळी सहाला खाली गेलो तर गाडी उघडेना. दिवा नाही, आवाज नाही, किल्ली दाबली तरी ढिम्म. रात्रभर चार्जिंगला लावलेली! मेकॅनिक आला तेव्हा उलगडा झाला. मोठी बॅटरी शंभर टक्के भरलेली होती, पण हिच्या पोटात आणखी एक छोटी बॅटरी असते, साध्या गाडीत असते तशीच, आणि मोठीला जागं करायचं काम तिचं. ती छोटी मेली होती. घरात सगळं भरलेलं असून उठवणारंच कुणी नाही म्हटल्यावर दुसरं काय होणार. मेकॅनिकनं नवी छोटी बॅटरी घातली, मागच्या सीटवरची बॅग पाहिली आणि विचारलं, “कुठे निघाला होतात?” मी म्हटलं, “कवळी पोचवायला.” त्यानं डिकीतल्या यंत्राकडेही पाहिलं. पण तो कमी बोलतो, ते बरं आहे.

दुसऱ्यांदा निघालो तो परवाच्या रविवारी. (त्या दिवशी मी फोन केला नाही हे तुझ्या लक्षात आलं असेल. नसेल आलं तर राहू दे.) ह्या वेळी सगळी तयारी केली. एसी बंद. काचा वर, कारण काचा उघड्या असल्या तरी वाऱ्यानं बॅटरी जास्त खर्च होते असं मेकॅनिक म्हणाला होता. म्हणजे मी आत भाजीसारखा वाफवत, ताशी पंचावन्नच्या वेगानं, मोठ्या रस्त्याच्या डाव्या कडेनं निघालो. मला ट्रकांनी मागे टाकलं. ट्रॅक्टरनं टाकलं. एका वळणावर एका बाईंनी सायकलवरून माझ्याकडे वळून पाहिलं, आणि त्या नजरेत चौकशी होती.

निम्म्या वाटेवर एका पेट्रोल पंपाच्या मागे चार्जर आहेत, दोन. एकावर ‘देखभालीसाठी बंद’ असा कागद होता आणि तो कागदही उन्हानं पिवळा पडलेला होता. दुसऱ्यावर एका बँकेतल्या साहेबांची गाडी लागलेली. ते सहकुटुंब सावलीत चटई टाकून बसले होते. त्यांनी मलाही चटईवर बोलावलं. तासाभरात त्यांच्या कुटुंबाचं मला इतकं समजलं की चार्जर रिकामा झाला तेव्हा निरोप घेताना जड गेलं. मग माझी पाळी. आधी फोनवर त्या चार्जरचं ॲप घ्या, मग त्यात नाव, नंबर, आगाऊ पैसे, मग ते विचारणार तुम्ही माणूस आहात का, असाल तर चित्रातले सिग्नल ओळखा. मी ओळखले. तरी दोनदा नापास झालो.

दुपारी बारा वाजता मी तुझ्या डोंगराच्या पायथ्याच्या गावात होतो. अडतीस किलोमीटर राहिले होते. पडद्यावर एकतीस टक्के, आणि पुढे सगळा चढ. तिथे एका फर्निचरच्या दुकानाच्या आवारात चार्जर आहे. गिऱ्हाईकानं गाडी लावावी आणि ती भरेपर्यंत आत कपाट बघावं, असा मालकिणीचा विचार. मी गाडी लावली आणि अर्ध्या तासानं प्लग काढायला गेलो, तर तो निघेना. ओढला, हलवला, गोड बोललो. हेल्पलाइनला फोन केला. तिकडची मुलगी फार नम्र होती. “सर, गाडी लॉक करा, अनलॉक करा, आणि पुन्हा प्रयत्न करा.” असं मी अकरा वेळा केलं. मग ती म्हणाली, वरिष्ठांना विचारून कळवते, सर.

वरिष्ठ सापडेपर्यंत मालकिणीनं मला आत बसवलं. साठी उलटलेल्या, चष्म्याच्या, हिशेबी बाई. दुकानात बसायला जागेची काय कमी. मी एकापाठोपाठ एक सात सोफ्यांवर बसलो. पण त्या बोलायला लागल्या आणि माझे कान उभे राहिले. प्रत्येक ‘स’ला टक् असा आवाज. खालची कवळी हलत होती, आणि त्या डाव्या बाजूनं चावायचं टाळत होत्या, हे पाणी पितानाही कळत होतं. मला राहवेना. माझी कानशीची डबी बरोबर असतेच. मी धंदा सांगितला, हात धुतले आणि म्हटलं, काढून द्या. त्या लाजल्या, वळल्या, काढून दिली. मेणाच्या पेन्सिलीनं खूण करायची, चावायला लावायचं, खूण जिथे उमटेल तिथे केसभर घासायचं; तुला माहीतच आहे. पाऊण तास लागला. दुकानातला, लाकडाला पॉलिश करणारा म्हातारा कारागीरही हातातलं काम सोडून शेजारी येऊन बसला. शेवटी त्यांनी कवळी बसवली, दोन्हीकडून चावून पाहिलं, आणि गालाला हात लावून बसल्या. मी घाबरून विचारलं, “दुखतंय का?”

“नाही,” त्या म्हणाल्या. “सहा वर्षं दुखत होतं हे आत्ता कळलं. मला वाटायचं, सवय झाली म्हणजे बरं झालं.”

मग त्यांनी विचारलं, कुठे निघालात. म्हटलं, वर, वहिनीकडे. “वाट बघत असतील मग.” म्हटलं, नाही, त्यांना सांगितलेलं नाही. “का?” ह्या प्रश्नाला मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात हेल्पलाइनच्या मुलीचा फोन आला. त्या मुलीचे माझ्यावर फार उपकार आहेत.

वरिष्ठांनी सांगितलं होतं, की डिकीत आतल्या बाजूला, अस्तराच्या मागे एक दोरी असते, ती ओढली की प्लग सुटतो. म्हणजे डिकी रिकामी करणं आलं. कारागिरानं आणि मी तुझं यंत्र खाली उतरवलं. चादर सुटली, तसा तो त्याच्या लाकडावरून हात फिरवत राहिला; म्हणाला, असं लाकूड आता मिळत नाही. मालकिणीनं किंमत विचारली. मी म्हटलं, विकायचं नाही, हे माणसाचं आहे. दोरी ओढली, खट् झालं, प्लग हातात आला. चार वाजले होते. यंत्र पुन्हा चढवलं. पण एव्हाना उशीर झालेला, पुढे घाट, बॅटरीचा भरवसा नाही, तुलाही आगाऊ कल्पना नाही, शिवाय सोमवारी उपटबाईंना दोन कवळ्या द्यायच्या होत्या. सगळ्याचा विचार करून मी तिथूनच परत फिरलो. गाडीपुढे इलाज नाही. यंत्र अजून डिकीतच आहे. उतरवायला दोघं लागतात.

तेव्हा विजेची गाडी घ्यावी का असं तिकडे कुणी विचारलं, तर माझ्याकडे बोट दाखव. थोरल्या ताईंना नमस्कार सांग. मी मजेत आहे, माझी काळजी नसावी. (थोडी असली तरी हरकत नाही.)

तुझा,
धाकटा दीर

ता. क. पत्र पुन्हा वाचलं. तू ते वाचताना चष्मा वर सरकवून काय म्हणशील हे मला इथून ऐकू येतंय: चार तास प्लग अडकलेला होता, तर बॅटरी भरली नाही? भरली. शंभर टक्के भरली होती. मी वर आलो होतो, वहिनी. सव्वापाचला मी तुझ्या फाटकासमोर होतो. ही गाडी अजिबात आवाज करत नाही. स्कूटर कोपऱ्यावर वळली की तू आतून ‘आला गं’ म्हणायचीस, आणि मी मूर्खासारखा काच खाली करून तसं कुणी म्हणतंय का ह्याची वाट बघत बसलो. तू पडवीत होतीस. चार-पाच बायका होत्या, कसलंतरी कापड पसरलेलं होतं, कुणीतरी काहीतरी म्हणालं आणि तू मान मागे टाकून हसलीस. दादा आजारी पडल्यापासून तुला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, मी दारात उभा राहिलो तर हिला आधी दादा आठवेल, मग मी दिसेन. आणि ते हसू जाईल. हॉर्नवर ठेवलेला हात मी काढून घेतला. उतारावर गाडी उलट भरत जाते, हे खरं आहे. खाली पोचेपर्यंत सात टक्के वाढले होते. एवढा फायदा कुणाला नको होता.

ता. क. दुसरा. तू गेलीस त्या सकाळी टॅक्सी खाली उभी होती आणि मी कामाच्या खोलीतून बाहेर आलो नाही. ‘हातात काम आहे’ असं आतूनच ओरडलो. तू गेलीस, आणि त्यानंतर फोनवर कधी तो विषय काढला नाहीस. हातात काहीही नव्हतं. नुसता बसलो होतो. बाहेर आलो असतो तर ‘जाऊ नकोस’ म्हणालो असतो, आणि तू राहिली असतीस, आणि ते बरोबर झालं नसतं. पण निदान बॅग तरी खाली आणून द्यायला हवी होती. चुकलो.

ता. क. तिसरा, आणि हे पत्र खरं तर ह्याच्यासाठी. तुमच्या पडवीत, फाटकाच्या बाजूच्या भिंतीवर, एक जाड पिनांचा, पंधरा अँपिअरचा सॉकेट बसवून घेशील का? फ्रीजला असतो तसला. कुठलाही वायरमन तासाभरात बसवतो. त्याच्यावर गाडी सावकाश भरते, सोळा तास लागतात, म्हणजे एक मुक्काम तर करावाच लागेल. तुमच्याकडे विजेचा दाब कमी असेल तर दोन दिवस धर. आणि वीज सारखी जात असेल, तर आठवडासुद्धा लागू शकतो. विचारून ठेव, सारखी जाते का.